कोनेदार ताई

मी तिले उचललं अन् ती उचलल्या गेली. बस, तिथंच मले समजलं. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, माझ्याहून वीतभर उंच बाई, ओट्याजवळ उभी राहून शंकरपाळे तळून राहिली होती, अन् मी डबा घ्याले मागं वळली तं ती ओट्याले धरून खाली सरकून राहिली होती, दोरीवरून ओली साडी सरकते तशी. मी धावली. पहिले गॅस बंद केला का पहिले तिले धरलं, मले आठवत नाही… सोनू दारात उभी होती, माझी पोट्टी, ती "आत्या गिर गई, आत्या गिर गई" करून ओरडून राहिली होती, अन् मी तिच्यावरच ओरडली, चुप बस म्हणून. घरात दुसरं कोणी नव्हतं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, सोनूचे बाबा भनपुरीले गोदामावर. मी म्हटलं एवढी उंच बाई, माझ्या एकटीनं होत नाही, म्हणून पाय रोवले, दात दाबले, तिच्या काखेत हात घातले, अन् अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. तो जोर वाया गेला. ती सोनूसारखी वर आली. मीच मागं कोलमडली तिच्यासकट, माझं डोकं भिंतीले लागलं. माझ्या हातात बाई नव्हतीच, साडी होती अन् साडीत हाडं होते.

मी खिडकीतून वरच्या काकूले हाका मारल्या. वरच्या काकू म्हणजे आमच्या घरमालकीण, त्या नातीले कडेवर घेऊन धावत खाली आल्या, गल्लीतल्या कोणी तरी ऑटो थांबवला, अन् मी ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, काकू लेकराईले शेजारी सोडून पुढं ड्रायव्हरजवळ. बाजूच्या ब्राह्मणपाऱ्यातून ऑटो निघता निघेना, खोदलेला रस्ता, राजधानी होऊन राहिली होती न आमच्या रायपूरची, जिकडं पाहा तिकडं नाल्या खोदलेल्या. प्रत्येक खड्ड्यात तिचं डोकं उडे अन् मी दोन्ही हातानं धरून ठेवे. तिनं एकदा डोळे उघडले. म्हणाली, "तेल उतरवलं काय गं पोट्टे?" मी हव म्हटलं.

मोठ्या दवाखान्यात नर्सबाई लिहून राहिली होती. तिनं विचारलं, "वजन कितना है इनका?" तोपर्यंत सोनूचे बाबा अन् सासूबाई पोहोचले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी आपल्या आईकडं पाहिलं, आईनं काकूकडं पाहिलं. कोणालेच माहीत नाही. आमच्या घरात छताच्या कड्याले लोखंडी काटा टांगला आहे, त्याच्या हुकाले मैद्याची थैली लटकवून ताई स्वतः तोलून पाहे, दुकानदारानं कमी दिला तं त्याच पावली परत पाठवे. मैदा तोलला, साखर तोलली, शंकरपाळे तोलले. तिले कोणी नाही तोललं. मंग डॉक्टर आले, तरुणच होते, त्यांनी तिचा हात उचलून पाहिला अन् विचारलं, "ये कब से इतनी दुबली हो रही हैं?" सासूबाई लगेच म्हणाल्या, "ये तो शुरू से ऐसी ही है, डॉक्टर साहब. कोनेदार है हमारी लड़की." सोनूच्या बाबांनी मान हलवली. काकूनं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "कोनेदार मतलब?"

त्याचं उत्तर त्या दिवशी कोणी दिलं नाही. मी आज देते. महिन्यावर झालं ताईले जाऊन, अन् मले राग शांत करा, राग शांत करा असं सगळे सांगून राहिले. माझा राग शांत होत नाही. मी नववीपर्यंत शिकलेली बाई आहे, माझं लिहिणं चुकलं तं चुकलं.

कोनेदार म्हणजे ज्याले कोने असते ते. टेबल कोनेदार असते, गिट्टी कोनेदार असते, आमच्या मोरीचा दगड असा कोनेदार आहे का लग्न होऊन आली तेव्हापासून माझी करंगळी त्याच्यावर आपटून राहिली. मी गोंदियाकडची. माझ्या माहेरी हा शब्द अशाच वस्तूले लावत. माणसाले लावलेला मी पहिल्यांदा तात्यापाऱ्यातल्या या घरात ऐकला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नात्यातल्या बाया मले घरातले माणसं सांगून राहिल्या होत्या, हे मामेसासरे, ह्या आत्याबाई, अन् ती दारात उभी आहे न ती तुझी नणंद, जरा कोनेदार आहे, सांभाळून राहजो. मी घुंगटातून पाहिलं. उंच, सावळी, गालाचे हाडं वर आलेले, कोपर असे का ब्लाउजची बाही तिथंच झिजे. मले वाटलं बिचारीच्या शरीराबद्दल बोलून राहिल्या. चार दिवसांनी समजलं का तिच्या तोंडालेही कोनेदारच म्हणत. खरं बोलली का कोनेदार. नाही म्हटलं का कोनेदार. देवाच्या कार्यक्रमात एखाद्या बाईनं विचारलं, "काय गं, अजून नाही जमलं का कुठं?" अन् ताईनं उलट विचारलं, "तुमचं जमून काय झालं?" तं सगळ्या एका सुरात, बाप्पा, किती कोनेदार बोलते ही!

तिचं लग्न काहून नाही झालं ते सासूबाई हसत हसत सांगत, जशी दुसऱ्याच्या घरची गोष्ट. राजनांदगावचे पाव्हणे आले होते. मुलाची मावशी पोहे खाता खाता म्हणाली, "पोट्टी कामाची आहे, पण कोनेदार आहे. हिच्या मांडीवर लेकरू कसं झोपल?" त्याच्यानंतर जे आले तेही तेच बोलले, का त्या मावशीचंच ऐकून आले, देव जाणे. एकदा सासूबाई ही गोष्ट सांगून राहिल्या होत्या तेव्हा ताई आतून कणीक मळता मळता म्हणाली, "त्या मावशीच्या मांडीवर अख्खं राजनांदगाव झोपलं असतं. जागाच तेवढी होती." मी एवढी हसली का मले ठसका लागला. सासूबाईनं डोळे वटारले. ताईनं मले पाणी आणून दिलं अन् हळूच म्हणाली, "हसत जा गं पोट्टे. या घरात हसणारं कोणी नाही." तेव्हापासून मी तिची झाली, असं म्हटलं तरी चालते.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, अन् भोपाळकडून साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या. त्या वर्षीपासून ताईच्या फराळाच्या ऑर्डरी वाढल्या. चकली, चिवडा सगळं करे, पण नाव झालं ते शंकरपाळ्यानं. ती पोळी लाटे अन् सोनूच्या बाबांची शाळेतली स्टीलची पट्टी ठेवून सुरीनं कापे. नागमोडी कापाची फिरकी आमच्याकडं होती, तिले हात लावत नव्हती. म्हणे, "फिरकीनं कोना मरते." तळून झालं का एक शंकरपाळा बोटाच्या टोकावर दाबून पाहे. टोचला पाहिजे. "बोटाले लागला तं दाताले लागते, नाही तं मंग बिस्कुटच खा ना." एकदा साहेबाची बायको गाडीतून उतरून आली अन् म्हणाली, "दीदी, आपकी खुरमी बहुत अच्छी है." झालं! खुरमी म्हणजे इकडची गव्हाच्या पिठाची, गुळाची तळलेली गोड वस्तू. ताई म्हणाली, "मैडम, खुरमी बाजूवाली बनाती है, उससे लीजिए. ये शंकरपाळे हैं. कोना देखिए, कोना." मी आत पदरात तोंड घालून हसून राहिली होती. पण त्या बाईनं खरंच हातात घेऊन कोना पाहिला, अन् पुढच्या दिवाळीले दुप्पट घेऊन गेली. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायाही हेच म्हणत, शंकरपाळे खावे तं हिच्या हातचे, कसे कोनेदार! त्याच बाया. शंकरपाळ्याले म्हटलं तेव्हा वाहवा अन् करणारीले म्हटलं तेव्हा नाक मुरडून. शब्द तोच, तोंडं तेच. मले आता आठवते तं अंगाची आग होते.

पोळीच्या काठाले जे तुकडे उरतात, वाकडे, कोने नसलेले, ते ती ऑर्डरीत टाकत नव्हती. ते वेगळे तळे अन् जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवे, सोनूसाठी. अन् तळलेले पसराले पेपर लागे, तो वरून काकूकडचा येई. नागपूरहून येणारा मराठी पेपर, काकू सकाळी वाचत, दुपारी खाली देत. ताई मले म्हणे, "तेल उतराच्या आधी वाचून दाखव." ती तळे अन् मी ओट्याले टेकून पुरवणी वाचे, मोठ्यानं. मी अटकली का ती थांबे, झारा वर धरून. "अटकली तं अटकू दे. पुन्हा वाच." माझ्या शाळेतल्या बाईनं मले कधी पुन्हा वाच म्हटलं नाही, खाली बस म्हटलं. ज्या पुरवणीत मी हे लिहून राहिली न, तिचे किती तरी पानं मी तेलाचा डाग पसरताना वाचले आहे, खालची ओळ डागात जाच्या आधी घाई घाई…

सोनू झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हिच्याजवळ नको देऊ, हाडं टोचतील पोट्टीले. ताईनं माझ्या हातातून सोनूले घेतलं अन् कोपराच्या घडीत ठेवलं. सोनू झोपली. माझ्या मऊ मांडीवर रडणारी पोट्टी त्या कोपरात झोपे! राजनांदगावच्या मावशीले दाखवाले पाहिजे होतं. थोडी मोठी झाली तं तिले एक सवय लागली. झोपताना ताईच्या गळ्याखालच्या खळग्यात बोट ठेवे, हासळीच्या हाडामागं असते न तो खळगा. बोट ठेवलं का डोळे बंद. वरच्या काकूची नात गोलूही दिवसभर खालीच राहे, ती ताईच्या दुसऱ्या मांडीवर. गोलू म्हणजे नावासारखी गोल, गालाले हात लावला तं बोट आत जाते. तिच्याकडं पाहून सगळे म्हणत, हिले पाहा अन् सोनूले पाहा, सोनू आत्यावर गेली.

गेल्या वर्षभरात त्या खळग्यात सोनूची दोन बोटं बसाले लागली. मंग तिचा खेळ झाला, त्या खळग्यात शंकरपाळा ठेवाचा अन् तोंडानं उचलाचा. "आत्या की कटोरी," म्हणे. पोरं मराठी समजतात पण बोलतात हिंदीच. ताई मान वाकडी करून, हलू न देता बसे, शंकरपाळा पडला नाही पाहिजे म्हणून. गोलूही करे. काकू पाहून हसत, सासूबाई हसत, सोनूच्या बाबांनी तं मोबाईलवाल्या दोस्ताले फोटो काढाले ये म्हटलं होतं, तो आला नाही ते वेगळं. आम्ही सगळे तिथं उभे राहून पाहून राहिलो होतो, वाचकहो. एका जित्या बाईच्या अंगात वाटी तयार झाली, त्यात खाऊ ठेवल्या जाते, अन् आम्ही हसून राहिलो! कारण काय तं ती पहिलेपासूनच तशी. तिचे कोनेच तसे. जी बाई जन्मभर कोनेदार, ती सुकून राहिली हे कोणाले दिसल? एखादी गोलमटोल बाई अर्धी झाली असती तं अख्ख्या मोहल्ल्यानं विचारलं असतं, काय झालं बाई, काय झालं.

खोकला होता. तेलाचा धूर आहे म्हणे. संध्याकाळी अंग कोमट लागे, मी हात लावून एकदा म्हटलं, ताई, तुम्हाले ताप आहे. "भट्टीजवळ उभी राहून बाई थंड राहते काय?" म्हणाली. तरी मी तिले ओढत गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं खुर्चीतून न उठता लाल औषधाची शिशी दिली अन् माझ्याकडं पाहून हसला, "दीदी तो शुरू से ही स्लिम हैं." त्याच्या दवाखान्यात वजनाची मशीन दाराजवळच ठेवली होती, तिच्यावर त्याची छत्री होती. मी परत आली, सोनूच्या बाबांले म्हटलं का मोठ्या दवाखान्यात दाखवू. ते म्हणाले, "दिवाळीच्या ऑर्डरी होऊ दे." ताईही तेच म्हणाली. दिवाळी झाली नाही.

मोठ्या दवाखान्यात दोन-तीन दिवस होती ती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून उजेडात धरला अन् आम्हाले दाखवला, मले त्यातलं काही समजलं नाही, ढग ढग दिसले. ते म्हणाले, टीबी आहे, आजची नाही, किती तरी महिन्यांची आहे, दोन्ही फुफ्फुसं गेले. पहिले आणलं असतं तं गोळ्यानं बरी झाली असती. हे वाक्य त्यांनी रागानं नाही म्हटलं, ते थकले होते. मंग त्यांनी मले बाजूले घेऊन विचारलं, घरात लहान बच्चे कोण आहे? मी म्हटलं सोनू. म्हणाले तिले आणा. अन् जे जे लेकरू त्या खोलीत राहात होतं त्या सगळ्याईले आणा. खाण्यातून लागत नाही, श्वासातून लागते. घाबरू नका, पण आणा.

मी घाबरली. मी अजून घाबरून आहे. सोनूच्या हातावर सुई टोचली, दोन दिवसांनी तिथं आलेला फुगवटा पट्टीनं मोजला, अन् आता तिले रोज उपाशी पोटी गोळी आहे, सहा महिने. फुकट भेटते. खोकला नाही, ताप नाही, डॉक्टर म्हणाले आजार झालेला नाही, होऊ नये म्हणून आहे. दर वेळेस तिले मशीनवर उभी करतात. मी त्या काट्याकडं पाहात नाही, नर्सबाईच्या तोंडाकडं पाहाते.

अन् घरी काय ठरलं? घरी ठरलं का न्यूमोनिया होता. सोनूच्या बाबांनी स्मशानातून येऊन, आंघोळ करून, मले पहिले हेच सांगतलं. टीबीचं नाव काढाचं नाही. घर काकूचं आहे, काकू काढून देतील. मंडळात कोणी पाणी पिणार नाही आपल्याकडं. सोनूचं पुढं लग्न कराचं आहे. सासूबाई म्हणाल्या, "एवढी मोठी बिमारी आमच्यात कोणाले नव्हती. ती कोनेदार होती, बस." तेरवीले फोटो पाहिजे होता. ताईचा एकच फोटो होता, कोणाच्या तरी लग्नातला, मागं उभी. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर तो मोठा केला अन् सोनूच्या बाबांले विचारलं, "भैया, दीदी के गाल थोड़े भर दूँ?" त्यांनी भर म्हटलं. फ्रेम होऊन आली तं मी पाहातच राहिली. गोल तोंडाची एक बाई होती, ताईची साडी नेसलेली. गळ्याखालचा खळगाही बुजवला होता. सोनूनं विचारलं, "मम्मी, ये कौन आंटी है?" अन् सासूबाई हार घालता घालता म्हणाल्या, "पाहा, किती छान दिसते. अशी असती तं…" जिती होती तेव्हा तिले घासभर तूप कोणी वाढलं नाही, मेल्यावर गाल भरून देऊन राहिले!

महिन्याचं कार्य होतं तेव्हा घरात पंधरा-वीस माणसं होते. काकू गोलूले घेऊन फोटोसमोरच बसल्या होत्या. गोलू खोकलली. मी वाढता वाढता थांबली. काकूले विचारलं, "कधीपासून आहे हा?" त्या म्हणाल्या, "असेल पंधरा दिवस, तीन आठवडे. थंडी आहे न बाहेर." मी म्हटलं, "काकू, दाखवून घ्या तिले." काकू हसल्या अन् गोलूचा गाल ओढून म्हणाल्या, "हिले काय होते गं? ही कुठं कोनेदार आहे? दाखवाचं तं तुझ्या सोनूले दाखव, आत्यासारखे कोने निघाले पोट्टीले." बाया हसल्या. त्याच बाया. फोटोतली गोल बाईही हसून राहिली होती. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं, ते मी खाली ठेवलं का आपटलं मले माहीत नाही. मी म्हटलं, "सोनूले दाखवलं. सोनूची गोळी चालू आहे. ताईले टीबी होती, काकू. न्यूमोनिया नव्हता. गोलू त्याच मांडीवर बसली होती. तिचे गाल नका पाहू, तिले डॉक्टरकडं न्या!"

काकूनं गोलूले पोटाशी धरलं अन् म्हणाल्या, "माझ्या नातीले शाप देते?" मी शाप नाही दिला. मी हात जोडले त्यांच्यासमोर. पण सोनूच्या बाबांनी माझ्या दंडाले धरून मले आत नेलं अन् बाहेर जाऊन सगळ्याईले सांगतलं का नणंदेच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं, मनावर घेऊ नका. लोकांनी मनावर नाही घेतलं. जेवून गेले. आत येऊन ते मले म्हणाले का उद्या वर जा, काकूच्या पाया पड, न्यूमोनिया होता म्हण. अन् पुन्हा हा शब्द तोंडातून निघाला तं तुले गोंदियाले पोहोचवून देतो, सोनू इथंच राहील.

मले याचीच भीती वाटते, बाकी कशाची नाही. सोनू इथं राहिली तं तिची गोळी कोण देईल? उपाशी पोटी कोण उठवल? सासूबाई म्हणतील, कशाले पाहिजे गोळी, हाडं घरचेच आहे. अन् ती सुकाले लागली तं आत्याच्या कटोरीवर हसलेले सगळे तिच्याकडं पाहूनही हसतील. शब्द तयारच आहे घरात, नवा आणाले जावं लागत नाही.

मी वर गेली नाही. गोलू आता खाली येत नाही, काकूनं बंद केलं. पण आमच्या स्वयंपाकघराच्या वर त्यांची झोपाची खोली आहे, अन् मी भाकरी थापून राहिली का वरून ऐकू येते. खोकलते, थांबते. मी भाकरी थापता थापता थांबते, ती पुन्हा खोकलली का मंग थापते. सर्दीही असू शकते, मी डॉक्टर नाही. मले हे नाही म्हणाचं का तिले तेच झालं. मले एवढंच म्हणाचं आहे का एकदा पाहा, गोल आहे म्हणून सोडू नका, जसं आम्ही कोनेदार आहे म्हणून सोडलं.

ताईचा लोखंडी काटा अजून छताच्या कड्याले टांगला आहे. मी दर रविवारी ताईची निळी साडी झोळीसारखी बांधून हुकाले अडकवते अन् सोनूले त्यात बसवते. दवाखान्यात महिन्याची वाट पाहावी लागते, माझ्यानं वाट पाहावत नाही. सोनूले मजा येते, ती झोळीत गोल गोल फिरते अन् साडीत नाक खुपसून म्हणते, "आत्या की खुशबू." तेलाचा अन् वेलचीचा वास आहे तो, धुतली नाही मी. काटा थरथरते, मी श्वास धरून उभी राहाते, अन् सुई थांबली का मंग सोडते. मागच्या रविवारी सोनूच्या बाबांनी पाहिलं. म्हणाले, "पोट्टीले आलू-कांद्यासारखी काय लटकवते? काढ तो काटा, काकू पाहातील." मी काढला नाही. बिस्किटाच्या डब्यात काठाचे चार तुकडे अजून आहे, वाकडे, बिनकोन्याचे, खवट झाले असतील. सोनूनं मागितले तरी मी देत नाही, अन् फेकतही नाही.

आता हे मी पुरवणीले पाठवून राहिली. नाव टाकू नका म्हटलं आहे, पण नाव टाकून न टाकून काय, आमच्या इथं हा पेपर पहिले वरच जाते. काकू चष्मा लावून पुरवणीच पहिले वाचतात, दुपारी मंग खाली देतात. म्हणजे माझ्या आधी त्या वाचतील. काकू, वाचून राहिल्या असाल तं खाली येऊन मले शिव्या द्या, घर खाली करा म्हणा, पण येताना नाही तं जाताना, गोलूले घेऊन दवाखान्यात जा. तिथं एकदा मशीनवर उभी करा तिले.

अन् संध्याकाळी सोनूचे बाबा भनपुरीहून येतील तेव्हा हा पेपर त्यांच्या हातात असल. त्यांनी माझी पेटी भरून ठेवली तं मी सोनूले घेऊन कुठं जाऊ ते मले माहीत नाही… पण तुम्ही सांगा. समजा वरून त्या लेकराचा खोकला ऐकू येऊन राहिला, खाली भिंतीवर ताईचे भरलेले गाल आहे, झोळीत तुमची पोट्टी आहे अन् काट्याची सुई अजून थांबली नाही. माझ्या जागी तुम्ही असता तं चुप बसले असते काय? काय केलं असतं तुम्ही?